रेडिएशन संपलं, रक्त जायचं थांबलं, मग रेक्टमच्या ऑपरेशनआधी पुन्हा एमआरआय कशाला? त्यापेक्षा पेट स्कॅन करून टाकू का?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: वडिलांना रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर, रेडिएशनचे 28 लाईट आणि सोबतच्या केमोच्या गोळ्या संपून महिना उलटला, त्रास बराच कमी आहे. सर्जन म्हणतात अजून थोडं थांबा, मग एमआरआय करू. घरचे म्हणतात वेळ कशाला घालवायचा, आणि करायचाच तर पेट करून एकदाच काय ते बघून घेऊ. मी नाशिकमध्येच रेडिओलॉजिस्ट आहे, हे स्कॅन वाचणं रोजचं काम आहे, म्हणून लिहितोय. वडिलांच्या स्कॅनचे फोटो मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्यापुरता निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

आधी थांबण्याचं. लाईट बंद झाले तरी गाठ विरघळायचं काम पुढे कित्येक आठवडे चालू राहतं. आत्ता घाईने स्कॅन केला तर सूज आणि अर्धवट मेलेली गाठ यांची सरमिसळ दिसणार, रिपोर्टमध्ये ‘गाठ शिल्लक’ असं येणार आणि घरात उगाच रडारड. शेवटच्या लाईटपासून साधारण 6 ते 12 आठवड्यांत हा स्कॅन करतात, बरेच जण आठव्या आठवड्याच्या आसपास. हल्ली सगळी केमो ऑपरेशनआधीच देण्याची पद्धत वाढली आहे. वडिलांचं तसं चाललं असेल तर तारीख त्या हिशोबाने पुढे जाईल. म्हणजे तुमचे सर्जन वेळ घालवत नाहीयेत.

पहिल्या एमआरआयमध्ये गाठ कुठवर गेली आहे ते बघायचं असतं. या वेळी बघायचं असतं ते असं की जी जागा अजून जाड दिसते तिथे गाठ उरली आहे, की नुसता तिचा व्रण. एमआरआयच्या नेहमीच्या, टी2 नावाच्या चित्रात व्रण काळा दिसतो आणि जिवंत गाठ राखाडी. रेक्टमच्या भिंतीतल्या काळ्या पट्टीच्या कडेला चार-पाच मिलिमीटरचा राखाडी ठिपका राहिला असेल तर मी तिथेच अडकतो. मग डिफ्यूजन नावाची दुसरी चित्रं उघडायची. ज्या जागी पेशी दाटीने आहेत ती जागा त्यात चमकते, आणि जोडीच्या एडीसी नकाशात तीच जागा काळी पडते. दोन्ही जुळलं तर गाठ असण्याची शंका बळावते. पण आतड्यात गॅस भरलेला असला की हीच चित्रं फाटल्यासारखी दिसतात आणि खोटी चमकही येते. म्हणून काही सेंटरवर आधी छोटा एनिमा देतात. वडील ‘नको’ म्हणतील, त्यांना समजावा.

काप कसे घेतलेत यावरही बरंच अवलंबून असतं. काकडी तिरकी कापली की चकती लांबट येते, तसंच गाठीला आडवे न घेता तिरके काप घेतले तर भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते. काप 3 मिलिमीटरचे आणि गाठीच्या अक्षाला काटकोनात हवेत. अपॉइंटमेंट घेताना ‘पेल्विसचा एमआरआय’ एवढंच न सांगता ‘रेक्टमचा, रेडिएशननंतरचा’ असं सांगा आणि डिफ्यूजन घेणार ना, हे विचारा. मशीनच्या चुंबकाची ताकद 1.5 टेस्ला असली तरी चालतं. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन यासाठी सहसा लागत नाही, तो खर्च वाचतो.

रिपोर्टमध्ये टीआरजी म्हणून, गाठ किती विरघळली ते सांगणारा, 1 ते 5 मधला एक आकडा येईल. 1 म्हणजे गाठीचा मागमूस नाही, 5 म्हणजे काहीच फरक पडला नाही. पण त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसू नका. रेक्टमभोवती चरबी असते आणि त्या चरबीला एक पातळ आवरण असतं. सर्जन त्या आवरणासकट सगळं काढतात. गाठ त्या आवरणापासून 1 मिलिमीटरच्या आत आहे की लांब सरकली, ही ओळ सर्जन आधी वाचतात. तशीच खालच्या, शौच रोखून धरणाऱ्या स्नायूंची ओळ, कारण पोटावरची शौचाची पिशवी तात्पुरती की कायमची, हे बरंचसं तिथे ठरतं.

आता पेट, म्हणजे इंजेक्शन देऊन जास्त साखर ओढणाऱ्या पेशी उजळून दाखवणारा स्कॅन. रेडिएशननंतरची सूजही पेटमध्ये उजळते, आणि बारीक थरांचा तपशील त्यात मिळत नाही. या प्रश्नासाठी तो नेहमीचा तपास नाही, महाग मात्र आहे. छाती-पोटाचा सीटी सांगितला असेल तर तो जरूर करा, तो लिव्हर आणि फुप्फुसं बघायला असतो.

एमआरआयलाही मर्यादा आहे. मूठभर पेशी उरल्या असतील तर त्या दिसत नाहीत, आणि कधी नुसता व्रण गाठीसारखा दिसतो. म्हणून सर्जनने बोटाने केलेली तपासणी, दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय तिन्ही एकत्र बघावे लागतात. तिघांनीही ‘काही नाही’ म्हटलं तरच ऑपरेशन न करता लक्ष ठेवण्याचा विषय निघू शकतो. ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी 2004 मध्ये अशा पेशंटचे निकाल छापले आणि ही वाट रुळली. पण यात साधारण चारातल्या एकाला गाठ पुन्हा येते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी दुर्बीण आणि ठरल्या वेळी एमआरआय चुकवून चालत नाही. माझं स्पष्ट मत: ‘आता बरं वाटतंय की’ म्हणून तारखा टाळणारा माणूस असेल तर त्याने या वाटेला जाऊ नये. वडील कसे आहेत ते तुम्हालाच माहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक घरी विसरतं: पहिल्या एमआरआयची सीडी. कागदी रिपोर्ट नाही, सीडी. गाठ आधी नेमकी कुठे होती हे दिसल्याशिवाय आजचा व्रण धड वाचता येत नाही. सापडत नसेल तर आजच त्या सेंटरला फोन करून दुसरी मागा, आणि जमलं तर दुसरा स्कॅनही तिथेच करा. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसायच्या आधी दोन्ही सीडी घरच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, रिकामी सीडी घेऊन मुंबई गाठलेले लोक आहेत. फिल्म खिडकीला धरून मोबाईलवर काढलेला फोटो मात्र कुणाला पाठवू नका. त्यावरून कुणी मत दिलं तर ते धरूही नका.