जमैकाच्या ऊसमळ्यांवर गुलामांचे मृत्यू जन्मांपेक्षा जास्त होते, याला पुरावा काय द्यावा?

गुलामांच्या सरकारी नोंदवह्या द्या. १८१७ पासून दर ३ वर्षांनी मळेवाल्यांना शपथेवर यादी द्यावी लागे: नाव, वय, रंग, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, आणि मधल्या काळातली ‘वाढ’ व ‘घट’. घट जास्त, हे मालकच लिहून देतोय. याहून भक्कम साक्ष कुठली? जमैकातल्या मळ्यावरचा इंग्रज देखरेख्या थॉमस थिसलवूड याची डायरी (१७५०–८६) सगळेच पुढे करतात. शिक्षांच्या क्रौर्यासाठी ती बिनतोड, पण आकड्यांसाठी एका माणसाची वही पुरत नाही. एक मात्र सांभाळा: दोन याद्यांच्या मध्ये जन्मून मेलेली बाळं बहुधा नोंदलीच जात नसत. जन्म-मृत्यूंतला फरक त्याने बदलत नाही, पण बालमृत्यूचा दर या वह्यांवरून काढू नका.