लाकूड फोडायच्या हायड्रॉलिक यंत्रात घरच्या घरी कोणत्या सुधारणा कराव्यात?

तुम्ही विचारलंय: मिनेसोटात घर सरपणावर तापवतो, पेट्रोल इंजिनाचं जुनं यंत्र घेतलंय, 4 इंची सिलिंडर, 24 इंचांचा स्ट्रोक (म्हणजे दांड्याची धाव), मिनिटाला 11 गॅलनचा दोन टप्प्यांचा पंप. काम संथ होतं आणि कंबर धरते. पंप मोठा बसवून प्रेशर वाढवू का?

मी मिशिगनमध्ये राहतो आणि हिवाळ्यात आमचं घरही लाकडावरच तापतं. प्रेशर वाढवू नका आणि पंपाला इतक्यात हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी थोडा हिशेब करू, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते दिसेल.

4 इंची पिस्टनचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच. 24 इंच पुढे जायला साधारण 300 घन इंच तेल लागतं. 11 गॅलनच्या पंपाला त्यासाठी 7 सेकंद लागतात. दांडा पावणेदोन इंची असेल तर मागे यायला पावणेसहा. म्हणजे पूर्ण फेरा 13 सेकंदांचा. 16 गॅलनचा पंप बसवला तर तोच फेरा 9 सेकंदांवर येतो. 4 सेकंद वाचतात, पण त्या पंपाला साधारण 8 हॉर्सपॉवरचं इंजिन लागतं आणि सक्शनची (टाकीतून तेल ओढणारी) नळी, फिल्टर, परतीची नळी सगळंच मोठं करावं लागतं. मागे येताना पिस्टनच्या मोठ्या बाजूचं तेल बाहेर पडतं, त्यामुळे परतीच्या नळीतून पंपाच्या प्रवाहाच्या सव्वापट तेल वाहतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता दुसरी बाजू बघा. आपल्या शेगड्यांना बहुधा 16 इंची लाकूड लागतं. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पाचर 7-8 इंच रिकामीच पुढे जाते आणि तेवढीच रिकामी मागे येते. हे 7 इंच काढून टाकले तर पावणेचार सेकंद वाचतात. मोठ्या पंपाने जे मिळणार होतं ते जवळजवळ सगळं, आणि तेही एका नळीच्या तुकड्यात!

तो तुकडा असा करायचा. सिलिंडरच्या दांड्यावर सैल बसेल अशी जाड ॲल्युमिनियमची नळी घ्या, लांबी 7 इंच. ती उभी चिरून दोन अर्धुकं करा, आतून पातळ रबर चिकटवा म्हणजे दांड्याच्या क्रोमवर ओरखडा येणार नाही, आणि इंजिन बंद असताना दांड्याभोवती क्लॅम्पने आवळा. पाचर मागे आली की नळीवर टेकते, प्रेशर वाढतं आणि परतीचं हँडल आपोआप मधल्या जागी येतं. नळीची दोन्ही टोकं मात्र अगदी काटकोनात कापलेली हवीत. तिरकी टेकली तर दांड्यावर बाजूने जोर येतो आणि सील लवकर जातं. शेतीच्या अवजारांच्या सिलिंडरवर स्ट्रोक कमी करायला अशाच शिंपल्यासारख्या उघडणाऱ्या कड्या वापरतात, त्या तयारही मिळतात. लांब ओंडके फोडायचे असतील त्या दिवशी काढून ठेवायची.

यानंतरची सुधारणा पाचरीची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन टप्प्यांचा पंप साधारण 650 पीएसआयपर्यंत (म्हणजे दर चौरस इंचावर 650 पौंड दाब) पूर्ण 11 गॅलन देतो. त्यापुढे तो 3 गॅलनच्या आसपास उतरतो आणि जोर मात्र वाढतो. 650 पीएसआयला तुमच्या सिलिंडरचा जोर साधारण 8,000 पौंड, म्हणजे 3,700 किलो होतो. ओंडका एवढ्या जोरात फुटला तर यंत्र वेगातच राहतं. नाही फुटला की पंप खालच्या टप्प्यात जातो, आणि तुम्हाला जो संथपणा जाणवतो त्यातला मोठा वाटा याच टप्प्याचा आहे. त्यामुळे अधिक टनांचा जोर मागण्यापेक्षा ओंडक्याला कमी टनात फुटू देणं जास्त कामाचं.

पाचरीची धार बोथट, गोलसर झाली असेल तर ग्राइंडरने सरळ करा. कुऱ्हाडीइतकी धारदार नको, ती गाठीवर दुमडते. पुढचा भाग निमुळता ठेवून दोन-तीन इंच मागे दोन्ही गालांवर जाड पट्टीचे उतरते तुकडे वेल्ड केले की आधी चीर पडते आणि मग ती फाकते. चार फाळक्या करणारी आडवी पाती लावणार असाल तर तीही मुख्य धारेच्या 3-4 इंच मागे ठेवा. दोन्ही धारा एकाच वेळी लाकडात शिरल्या की जोराची गरज एकदम चढते. मागेपुढे ठेवल्या की आधी उभी चीर पडून ताण मोकळा होतो. सरळ रेषांच्या ॲश आणि मेपल या झाडांच्या लाकडाला हे उत्तम चालतं. आमच्याकडे 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड ॲश बोरर हा किडा सापडला आणि त्यानंतर मेलेल्या ॲशचं सरपण मुबलक झालं, त्यामुळे मी आडवी पाती काढतच नाही. पण एल्मसारख्या चिवट, धागे सुटणाऱ्या लाकडाला साधी पाचरच बरी. गाठाळ ओंडके कडाक्याच्या थंडीत, आतून गोठलेले असताना फोडून बघा, मोठा फरक पडतो.

कंबरेचं दुखणं वेगळं आहे. फोडलेला अर्धा तुकडा खाली पडतो आणि तुम्ही तो वाकून पुन्हा वर ठेवता. 12-14 इंची ओंडक्याच्या बाबतीत हे तीन-चारदा होतं. बीमच्या, म्हणजे ओंडका ज्यावर ठेवतो त्या लोखंडी तुळईच्या, दोन्ही बाजूंना अँगलची चौकट करून वर लोखंडी जाळी लावा, फळी नको. जाळीतून साल आणि ढलप्या खाली गळतात. एक बाजू बिजागरीवर खाली पडणारी करा, म्हणजे यंत्र ओढून नेता येईल. हे टेबल बसलं की दिवसाअखेर वाटणारा थकवा निम्म्यावर येतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

मोठे ओंडके उचलायला बोटीच्या ट्रेलरवर असते तशी हातविंच आणि छोटा फिरता खांब पुरतो. दुसरा सिलिंडर लावून लिफ्ट करायची असेल तर आधी तुमच्या व्हॉल्व्हला ‘पॉवर बियाँड’ची, म्हणजे पुढच्या व्हॉल्व्हला प्रेशरचं तेल देणाऱ्या वेगळ्या तोंडाची, सोय आहे का ते पाहा. ती नसताना पहिल्या व्हॉल्व्हच्या परतीच्या तोंडाला दुसरा व्हॉल्व्ह जोडला, तर जिथे प्रेशर अपेक्षितच नाही तिथे पूर्ण प्रेशर येतं.

आता रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीत जास्त प्रेशर किती चढेल ते ठरवणारा व्हॉल्व्ह. तो स्क्रू पिळून टन वाढतात, हे खरं. पण त्याच जोराने बीम वाकतो, वेल्डला चीर पडते आणि नळ्यांची मर्यादा ओलांडली जाते. तेलाची पिन-होल गळती कधीही हाताने चाचपू नका. ती धार हातमोज्यातून कातडीत घुसते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी इस्पितळात, शस्त्रक्रियेसाठी. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा. तसंच पाचर पुढे नेणारं हँडल कधीही दोरीने बांधू नका किंवा पायाने चालवायची व्यवस्था करू नका. युरोपच्या ईएन 609-1 या मानकात दोन्ही हात गुंतवणारं नियंत्रण मागितलंय ते उगाच नाही. सांध्यांना टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमधल्या सरकत्या स्पूलमध्ये अडकतात.

तेलाचं एक राहिलं. मिनेसोटाच्या जानेवारीत एडब्ल्यू 46 हे हायड्रॉलिक तेल (आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट) काकवीसारखं घट्ट होतं, पंपाला ओढता येत नाही आणि तो किंचाळायला लागतो. एडब्ल्यू 32 घाला, सक्शनची नळी आखूड आणि जाड ठेवा, परतीचं तोंड टाकीत तेलाच्या पातळीखाली आहे ना ते बघा. तेल दुधासारखं फेसाळलं असेल तर कुठूनतरी हवा किंवा पाणी शिरतंय, ते आधी शोधा. आणि इंजिन चालू केल्यावर पाचर लगेच कामाला न लावता पाच-दहा मिनिटं तेल नुसतं फिरू द्या.