‘लेखी दिलं तर साहेब डूख धरतील’

सरकारी-निमसरकारी नोकरीतली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला आली की हा प्रश्न हमखास निघतो. लेखी तक्रार केली तर त्रास वाढेल का? युनियनला मध्ये घेतलं तर प्रकरण चिघळेल का?

एका नगरपालिकेतले व्हॉल्व्हमन पत्नीच्या आग्रहाने आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहाटे तीनला पाणी सोडायची ड्यूटी, झोप उडालेली, घरात शब्दाने शब्द वाढत होता. सात महिने साप्ताहिक सुट्टीलाही कामावर बोलावणं यायचं आणि बदली रजा एकही मिळाली नव्हती. मागितली का नाही, असं विचारलं तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मॅडम, आई दवाखान्यात होती तेव्हा याच साहेबांनी रात्री गाडी पाठवली होती. त्यांच्याविरुद्ध कसं लिहू?”

भीती होतीच, पण झोप उडवली होती ती या उपकाराच्या ओझ्याने. तक्रार म्हणजे चहाडी, हे त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. अशा माणसाला ‘हक्कासाठी लढा’ म्हणून उपयोग नसतो, तो आणखी मिटतो.

मी कागद पुढे ठेवला. पहिला मसुदा चार पानी, सगळा संताप. तो त्यांनी घरी नेला. पुढच्या वेळी खिशातली डायरी घेऊन आले. कोणत्या दिवशी कोणत्या भागाला पाणी सोडलं, याची नोंद त्यात तारखेनिशी होती. त्यातून सुट्टीचे सव्वीस दिवस निघाले. अर्ज अर्ध्या पानात बसला. विषयाच्या ओळीतलं ‘साहेबांविरुद्ध’ त्यांनी स्वतःच खोडलं आणि लिहिलं, ‘बदली रजेबाबत’. त्या दिवशी त्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

कामगार कायदे कारखान्यातल्यांसाठी असतात, असाही त्यांचा समज होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगार कायद्यातल्या ‘उद्योग’ शब्दाचा अर्थ व्यापक केला, तो खटला बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाचाच होता, हे ऐकून ते ताठ बसले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे असतात. तक्रार वर्षाच्या आत द्यायची आणि समितीने तीस दिवसांत निपटायची. तिथे समाधान झालं नाही तर साठ दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं, मात्र आपल्या युनियनमार्फत.

यांनी तर दोन वर्षं वर्गणीच भरली नव्हती. त्याची लाज वाटत होती, म्हणून युनियनच्या ऑफिसकडे फिरकत नव्हते. प्रतिनिधीला काय सांगायचं, याचा आम्ही सराव केला: “मोर्चा नको, घोषणा नकोत. मला रजा हवी आहे.” प्रतिनिधीने आधी पावती फाडली, मग आवक विभागातून अर्जाची पोच आणायला लावली.

एकोणीस दिवस मंजूर झाले. उरलेल्या सात दिवसांची नोंद हजेरीपटात सापडली नाही, ते गेले. साहेब महिनाभर कामापुरतंच बोलत होते. याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणंही आम्ही दोन बैठका बोलत राहिलो.

पहिल्या रजेच्या पहाटे तीनलाच जाग आली, असं त्यांनी सांगितलं. अंथरुणात पडल्या पडल्या गल्लीतल्या नळाला पाणी आल्याचा आवाज ऐकला आणि कूस बदलून परत झोपले.