नत्रवायूतला 'नत्र' म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: 'प्राणवायू' ऐकताच अर्थ लागतो, पण हवेत ज्याचा वाटा ७८ टक्के, त्या 'नत्रवायू'तला नत्र कोणत्या संस्कृत शब्दावरून आला?

कुठल्याच नाही. शोधत बसू नका. नत्र हे नायट्रोजनमधल्या 'नायट्र'ला दिलेलं संस्कृत वळण आहे. नायटर म्हणजे आपला सोरा, बंदुकीच्या दारूतला. त्या सोऱ्याला जन्म देणारा म्हणून फ्रेंच रसायनतज्ज्ञ शाप्ताल यांनी १७९० मध्ये नायट्रोजन हे नाव सुचवलं. हिंदीतल्या 'नत्रजन'मध्ये तो 'जन'सुद्धा शाबूत आहे. ग्रीक 'जेन' आणि आपला 'जन्' एकाच कुळातले, त्यामुळे जोड बेमालूम बसली. आपण जन काढून वायू लावला.

रसायनतज्ज्ञ लाव्वाझिएने मात्र याच वायूला 'अझोट' म्हटलं होतं, म्हणजे जीव न जगवणारा. फ्रेंचमध्ये आजही तेच नाव चालतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगून पाहा! त्याच्या तोंडी नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) रोजचे. कृषी केंद्रात 'दहा-सव्वीस-सव्वीस द्या' म्हटलं की त्या खतातले दहा टक्के नत्राचे. खालची जुनी पानं आधी पिवळी पडू लागली की 'नत्र कमी पडलंय' हे निदान बांधावरच होतं. प्रयोगशाळेसाठी घडवलेला शब्द इतका मातीत रुजलेला मी दुसरा पाहिला नाही.

प्राणवायूचं उलट. शब्द जुनाच, शरीरातल्या प्राण-अपान-व्यान-उदान-समान या पाच वायूंतला. त्याला नवं काम मिळालं. 'ऑक्सिजन'चा मूळ अर्थ आम्ल घडवणारा, आणि तो चुकीच्या समजुतीवर उभा आहे, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. म्हणजे आपलं नाव जास्त खरं. तरी २०२१ मध्ये 'प्राणवायूचा तुटवडा' बातम्यांत होता. घरात सगळे 'ऑक्सिजन लावलाय' असंच म्हणत होते.

(जाता जाता: सुटा लिहिताना वायू दीर्घ, 'प्राणवायू'तही दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व, वायुमंडल.)

राहिला आर्गॉन. हवेत ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपट तरी, पण त्याला रुळलेलं मराठी नाव नाही. ग्रीक 'आर्गोस' म्हणजे आळशी. हा सहसा कशाशीच संयोग पावत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र अशा वायूंचं हे सगळं आळशी घराणं 'राजवायू' म्हणून बसलं आहे.