आजोळच्या चांदीच्या किटलीवर 'ओ. एम. भुज' असा ठसा आहे. परदेशी प्रदर्शनासाठी घडवलेली असेल का? गुजरीत मोडीला देऊ का?

मोडीला मुळीच देऊ नका. पण नुसत्या ठशावरून ती प्रदर्शनातलीच, असं म्हणता येत नाही. मी चांदीकामातला आहे. हा ठसा कच्छमधल्या भुजचे कारागीर उमरसी मावजी (इंग्रजीत Oomersi Mawji, म्हणून 'ओ. एम.') यांचा. १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनासारख्या ठिकाणी हिंदुस्थानी चांदीकाम मांडलं जाई, पण तशीच भांडी इथल्या साहेबांसाठी आणि संस्थानिकांसाठीही घडत. प्रदर्शनाचं नाव-साल कोरलेलं असेल, मूळ पेटी किंवा कागद असतील, तरच तसं म्हणावं. काम मात्र भिंगाखाली बघाच. कच्छी कामात दाट वेलबुट्टी, मधेच हरीण नाहीतर पक्षी. आतून ठोकून उठाव दिलेला, मग बाहेरून बारीक छिन्नीने पान न् पान रेखलेलं. आतल्या बाजूला ठोक्यांचे खळगे बोटाला लागले पाहिजेत. किटलीला दुहेरी पत्रा असेल तर ते लागणार नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा. नकली ठसेही मारतात, म्हणून विकण्याआधी जुन्या चांदीच्या जाणकाराला दाखवा. आणि कृपा करून पॉलिश करू नका, खाचांतला काळपटपणा गेला की नक्षीचा उठावच मरतो. वस्तू शंभर वर्षांपुढची निघाली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी विकता येणार नाही.