आधी पाय, मग चाक

देवरुख
पुनर्वसूचा पाऊस, सकाळ

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ट्रायल्समध्ये, म्हणजे आखलेल्या चिखल-दगडांच्या वाटेवरून पाय न टेकता मोटरसायकल काढायच्या स्पर्धेत, तू पडलीस, आणि रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो. एवढं लांबलचक मला अलीकडे कुणी लिहिलेलं नाही. त्यात प्रश्न सात. मी मोजले. टायर बदलू का, हवा किती ठेवू, पुण्याला नेऊन सस्पेन्शन करून घेऊ का, उंची कमी पडते का, पहिला गिअर की दुसरा, दिवाळीनंतर जमीन सुकल्यावर सुरुवात करू का, आणि शेवटी, हे सोडूनच देऊ का. उत्तरं देतो, पण आधी तुझ्या मैत्रिणीने काढलेल्या व्हिडिओबद्दल बोलू. मी तो चार वेळा बघितला. चारही वेळा तू पडतेस त्याच्या आधीचाच भाग बघितला.

तू मेरेवर, म्हणजे बांधावर, उभी आहेस. डोक्यावर छत्री, हातात मोबाईल. पहिला गाडीवाला आत गेला, तू शूटिंग केलंस. दुसरा गेला, त्याचंही केलंस. मग छत्री मैत्रिणीच्या हातात दिलीस, हेल्मेट चढवलंस आणि गाडी सुरू. त्या चिखलाला तुझा पाय पहिल्यांदा लागला तो गाडी आडवी झाल्यावर.

आधी पाय, मग चाक. पुढचं सगळं पत्र वाचायचा कंटाळा आला तर एवढं वाचून ठेवून दे.

हे वाक्य माझं नाही, माझ्या बापाचं आहे, आणि तो मोटरसायकलवर जन्मात कधी मागेही बसला नाही. मिरग लागून गेला, खाचरं भरली की चिखलणीला जोत घालायच्या आधी तो इरलं डोक्यावर घेऊन एकटा खाचरात उतरायचा. अनवाणी. या मेरेपासून त्या मेरेपर्यंत, मग आडवा, मग कोपऱ्यात. आम्ही पोरं बैलांचे कासरे धरून पावसात कुडकुडत उभी. मी एकदा वैतागून म्हटलं, खाचर तेच, बैल तेच, दर वर्षी काय बघता? म्हणाला, खाचर तेच असतं, पाणी तेच नसतं. आधी पाय, मग खूर. वरच्या गडग्यातून रात्रीत पाझर फुटला की खाली तळ फुगतो, तिथे बैलाचा पाय गेला तर निघताना मोडूनच निघतो. आमच्याकडच्या चिखल नांगरणीच्या स्पर्धांना लोक जोडीचा वेग बघायला जातात. मी आजही जोत धरणाऱ्याचे पाय बघतो.

आता तुझा हिशोब. फिती लावून आखलेले सहा टप्पे, म्हणजे सहा सेक्शन, आणि दोन फेऱ्या, म्हणजे १२ वेळा आत शिरायचं. एकदा पाय टेकला तर १, दोनदा २, तीनदा किंवा जास्त कितीही वेळा ३. थांबलीस, पडलीस, फितीबाहेर गेलीस की ५. कमी गुणवाला वर. तुझे झाले ४१, आणि त्यातले ३५ नुसत्या सात पाचांचे. पाचवर पाच घेणाऱ्याला ताकद किंवा टायर कमी पडत नाहीत, त्याला पुढे काय आहे ते ठाऊक नसतं. खड्डा समोर आल्यावर तू घाबरून थ्रॉटल सोडतेस, चाक रुततं, गाडी थांबते, पाच. गाडीवर बसल्यावर टेकवलेल्या पायाचा गुण लागतो. त्याआधी तोच पाय हजार वेळा टेकवलास तरी पंच वहीत काही लिहीत नाही. फुकटचं आहे ते, आणि तू छत्रीखाली उभी राहिलीस!

चालायचं म्हणजे फितीच्या कडेने फेरफटका मारायचा नाही. जिथून चाक जाणार तिथूनच चालायचं. टाच मारत. लाल चिखल वरून सगळीकडे सारखाच दिसतो, पण खाली कुठे चार बोटांवर कातळ लागतो, कुठे गुडघाभर गाळ. टाचेला कडक लागलं की तिथे टायर चिखल कापून खाली पोचणार आणि पकड मिळणार. पाय ‘पचक’ करून जात राहिला आणि काढताना चप्पल आत राहिली तर तिथे तुझी १५० किलोंवरची गाडी काय करणार आहे? जांभ्याचंही तसंच. पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी जिथून जोरात उडी मारतं तिथला चिरा खरखरीत असतो, बेलाशक चढव. जिथे पाणी नुसतं झिरपतं तिथे शेवाळ. हिरवं शेवाळ दिसतं तरी, काळपट असतं ते दिसत नाही, ते पायालाच कळतं. आंब्या-फणसाची मुळं ओली असली की साबणाच्या वडीसारखी. त्यांच्यावरून काटकोनात जायचं, आणि पुढचं चाक मुळावर असताना ना थ्रॉटल, ना ब्रेक. मूळ तिरकं असेल तर आधीच कुठे वळायचं हे ठरलेलं पाहिजे, आणि ते वळण मुळाच्या अलीकडे तीन पावलांवर आहे की पाच, हे चालल्याशिवाय कसं ठरणार?

मग उलट चाल. शेवटाकडून सुरुवातीकडे. बाहेर पडायची जागा आधी ठरली की तिथवरची वाट आपोआप मागे मागे जुळत येते. आणि तुझ्या आधी पाच गाड्या जाऊन आल्या असतील तर पंचाला विचारून पुन्हा उतर, कारण ते सेक्शन आता सकाळचं राहिलेलं नाही. चिखलात दोनपैकी एक होतं. एक तर गाड्या चिखल उकरून कातळ उघडा करतात आणि शेवटच्याला सोपं जातं, नाहीतर तोच चिखल चिऱ्यांवर आणून फासतात आणि शेवटच्याची वाट लागते. कुठलं झालंय ते मेरेवरून कळत नाही.

मला वारकरी म्हणतात हे तुला माहीत आहे. सगळे गाड्या गरम करत असतात तेव्हा हा पायी चाललेला. एकदा तीन तीन वेळा चालण्यात फेरीची वेळ संपली, उशिराचे गुण लागले आणि तिसरा येणारा मी सातवा आलो. पोरं हसली. हसू देत. त्या दिवशी एकाही सेक्शनमध्ये मला पाच नव्हता, आणि पहिल्या आलेल्याला दोन होते. हे मी तेव्हाही सांगत होतो, कुणी ऐकून घेतलं नाही. असो. घड्याळ हातात बांधत जा, एवढं माझ्याकडून शिक.

आता तुझे सात प्रश्न. टायर घे. आहेत ते रस्त्याचे झालेत, खाचांत चिखल एकदा भरला की फेकला जात नाही. पण टायर घेऊन न चालता शिरलीस तर पाच महागात पडेल इतकंच. हवा तू २५ पाउंडांच्या वर ठेवली होतीस, ते बघून मला रागच आला. १५च्या आसपास आण, मात्र ट्यूब आहे, तेव्हा आधी रिम लॉक बसवून घे, नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि वॉल्व्ह उपटून येतो. निव्वळ ट्रायल्ससाठी बनवलेल्या गाड्या मागच्या चाकात ४-५ पाउंडांवर चालतात, पण त्या ७० किलोंच्या आसपास असतात, त्यांची बरोबरी करू नकोस. सस्पेन्शनचे पैसे ठेवून दे. उंचीचं कारण पुन्हा सांगायचं नाही, तू फूटरेस्टवर उभी असतेस, सीटवर बसून पाय कुठवर पोचतात याला कोण विचारतो? गिअर दुसरा, क्लचवर एक बोट, कान इंजिनाकडे. पहिल्यात चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःची कबर खणतं. दिवाळीनंतर? कोकणात राहून चिखलाला वगळायचं म्हणजे समुद्रावर राहून मासळीला नाक मुरडणं झालं. सातव्याकडे मग येतो.

तुझ्या एक्सपल्सला पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक आहे. तिकडच्या खऱ्या ट्रायल्सच्या गाडीलाही हीच मापं. माझ्या आरएक्स १००ला दोन्हीकडे १८ होतं. तेव्हा गाडीविषयी माझ्यासमोर रडू नकोस. तुझे बाबा ज्या बुलेटला रविवारी फडक्याने पुसतात, त्या बुलेटने ट्रायल्सच्या चिखलात नाव काढलंय. १९५२ साली जॉनी ब्रिटन हा इंग्लंडचा गडी ३५० बुलेट घेऊन स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये पहिला आला. सहा दिवस, दगडधोंडे, दलदल. आणि मोबाईल हातात असतोच तर त्यात टोनी बू बघ. २००७ पासून दर वर्षी जगज्जेता होत आलेला माणूस. उड्या सगळेच बघतात, तू उडीच्या आधीचं बघ. पायी आत जाऊन दगडांकडे टक लावून उभा असतो. त्याला चालायची गरज वाटते, आणि तुला नाही?

रागावलो. राहू दे, खोडत नाही.

आता जे सांगतो ते मी फारसं कुणाला सांगत नाही. वीसेक वर्षं झाली. एका गावात ट्रायल होती आणि पऱ्यातलं सेक्शन मी आखलं होतं. शनिवारी तीन वेळा चाललो. दगड न् दगड पाठ. रात्री आर्द्रा अशी कोसळली की कौलं वाजत होती. रविवारी सकाळी पाणी उतरलं होतं, फिती जागेवर होत्या, मी प्लास्टिकच्या पिशवीत वही घालून, छत्री घेऊन मेरेवर उभा राहिलो. उतरलो नाही. पंच होतो ना, कपडे कोरडे होते. तिसऱ्या पोराचं पुढचं चाक शनिवारी जिथे सपाट चिरा होता तिथे गेलं. चिरा रात्रीत वाहून गेला होता आणि लाल पाण्याखाली कमरेएवढा खड्डा झाला होता. हँडलवरून गेला तो. मनगटाजवळ हाताची दोन्ही हाडं मोडली. आज रिक्षा चालवतो, पण उजवा तळवा अजून पूर्ण वर वळत नाही. पैसे घेताना हात कोपरातून फिरवतो. मी त्याच्या रिक्षात बसलो की सुटे पैसे काढून तयार ठेवतो.

त्या दिवशी मी सगळ्यांना सांगत सुटलो, मी चाललो होतो, तीन वेळा चाललो होतो. खोटं नव्हतं ते. आणि पऱ्यातला चिरा रात्री हलला तर त्याला माणूस काय करणार? शिवाय पुढे गेलेल्या दोघांना काहीच झालं नाही, त्यांची वाट हातभर डावीकडून होती. त्यानेही डावी धरली असती तर... बघ, अजूनही तेच करतोय. बाप म्हणाला होता, पाणी तेच नसतं. मला ते पाठ होतं, नुसतं पाठ.

म्हणून मी तुझ्यावर ओरडतो. कालचं चालणं आज चालत नाही. दुसऱ्याचं चालणं तुला चालत नाही. माझं तर अजिबात नाही. रविवारी फिती लावणाऱ्यांनी सांगितलं असेल की वाट चांगली आहे. मीही त्या पोराला तेच सांगितलं होतं.

सोडून देऊ का, विचारतेस. त्या ४१ गुणांत एक शून्य आहे, ते तू मेसेजमध्ये लिहिलंही नाहीस. दुसऱ्या फेरीतलं चौथं सेक्शन. पहिल्या फेरीत तिथे तुला पाच होता. मधल्या वेळात काय झालं आठव. चिपळूणच्या त्या पोराची गाडी मधोमध रुतली, आणि ती ओढून काढायला तू पँट वर करून आत उतरलीस. दहा मिनिटं त्या चिखलात होतीस. पाय कुठे रोवला तर जोर लागतो, कुठे सटकतो, सगळं तुझ्या पायांना कळून चुकलं होतं. मग गाडी घेऊन आलीस आणि सरळ निघून गेलीस. तुला वाटलं नशीब.

येत्या शनिवारी सकाळी सहाला माझ्याकडे ये. घरामागच्या पऱ्यात तीन वाटा आखून ठेवतो, आणि रात्री पाऊस पडला तर तुझ्यादेखत पुन्हा चालतो. गाडी आणायची नाही, आणलीस तर किल्ली काकूकडे जमा होईल. गमबूट नकोत, आत पाणी भरतं आणि तळवा आंधळा होतो. जुने कॅनव्हासचे बूट घालून ये, आणि कमरेपर्यंत येईल अशी एक काठी. खालच्या अंगाला शेजाऱ्याची लावणी झालेली आहे. पाय घसरला तरी वरच्या बाजूला पड, तरव्यात पाऊल गेलेलं मला खपणार नाही. पावाची लादी घेऊन ये, आमचा पाववाला पावसात दोन दोन दिवस फिरकत नाही.

तुझा
काका