पैठणीची नक्षी विणकर स्वतः ठरवतो का? आणि पदराला इतका वेळ का लागतो?

मोर, मुनिया (पोपट), आसावली (फुलांची वेल), नारळी काठ ही नक्षी पिढीजात; विणकराची नजर दिसते ती रंगसंगतीत. येवल्याच्या हातमागावर खरी कसोटी पदराचीच. तिथे धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, सरळ आरपार जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे रेशीम गुंडाळलेली छोटी कांडी. ताण्याचे, म्हणजे उभे धागे मोजून ती बोटांनी फिरवायची आणि शेजारच्या रंगात अडकवायची. एकाच मोरात पिसारा, मान, चोच यांचे रंग निराळे, म्हणजे तितक्या तिल्ल्या! त्यामुळे दिवसभर मागावर बसूनही भरगच्च पदर जेमतेम इंच-दोन इंच सरकतो. (जॅकार्डवरची, म्हणजे नक्षीसाठी यंत्र जोडलेल्या मागावरची स्वस्त पैठणी हे प्रकरणच वेगळं.) घेताना पदर उलटून बघा: हातविणीत नक्षी दोन्हीकडे सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत.